गेम लावला की पीसी बंद पडतो? ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

मी ऐरोलीत राहतो. संध्याकाळी कामावरून आल्यावर ओळखीच्या मुलांचे पीसी बघून देतो. कळव्यापासून नेरुळपर्यंत कुठूनही मुलं कॅबिनेट मांडीवर धरून रिक्षाने येतात. तक्रार बहुधा एकच असते: "दादा, बाकी सगळं मस्त चालतं, गेम लावला की बंद." पुढचे प्रश्नही तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. घरच्यांनी पैसे साठवून घेऊन दिलेला पीसी असतो. बिघाड कुठे आहे हे कळायच्या आधीच नवं ग्राफिक्स कार्ड आणलं जातं, आणि आठवड्याभरात पीसी पुन्हा तसाच बंद पडतो. हे बघून फार वाईट वाटतं. म्हणून खिशात हात घालण्याआधी हे वाचा.

यूट्यूब, कॉलेजचं काम, सिनेमे सगळं चालतं. मग गेममध्येच का?

कारण पीसीला सगळी ताकद फक्त गेममध्ये लावावी लागते. ब्राउझर उघडून बसलेला साधारण गेमिंग पीसी साठ-ऐंशी वॅट वीज घेतो. गेम सुरू झाला की तोच तीनशे-चारशे वॅटवर जातो. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा आतला डबा) या सगळ्यांवर एकाच वेळी भार पडतो आणि जो भाग आधीपासून कच्चा आहे, तो मान टाकतो.

घरचे म्हणतात, सारखा गेम खेळतोस म्हणून बिघडला. खरं आहे का?

नाही. नीट जोडलेला पीसी पूर्ण भारावर तासन्‌तास चालायलाच हवा. गेमऐवजी थ्रीडी रेंडरिंग किंवा व्हिडिओ एक्सपोर्ट केलं असतं, तरी हाच बिघाड दिसला असता. आई-बाबा, मुलाने किती वेळ खेळायचं हा तुमच्या घरातला विषय आहे, तो जरूर बोला. पण पीसी बंद पडण्याचा दोष त्याच्या माथी मारू नका.

"क्रॅश होतो" एवढं सांगून पुरत नाही का?

पुरत नाही. कसा बंद पडतो, यावर निम्मं निदान होतं. डॉक्टर जसं "ताप आधी आला की उलटी?" विचारतात, तसंच हे आहे.

कुणी प्लग ओढावा तसा एका झटक्यात अंधार झाला, पंखेही थांबले, तर संशय विजेवर घ्या: एसएमपीएस, यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, भिंतीतलं सॉकेट. क्वचित अति तापल्यानेही असं होतं. निळी स्क्रीन न दिसता स्वतःहून रिस्टार्ट झाला, तरी पहिला संशय विजेवरच. स्क्रीन काळी झाली, पण हेडफोनमध्ये मित्रांचे आवाज ऐकू येतायत आणि कार्डाचे पंखे जोरात घोंघावू लागले, तर ग्राफिक्स कार्ड, त्याची पॉवर केबल किंवा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर). निळी स्क्रीन आली, तर विंडोजला किमान बोलायला वेळ मिळाला. तिच्यावरचा कोड मोबाइलने टिपून ठेवा. आणि नुसता गेम मिटून डेस्कटॉप समोर आला, तर गेमच्या फायली, ड्रायव्हर किंवा रॅम.

निळी स्क्रीन वाचायच्या आत जात असेल, तर सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट"ची खूण काढा.

बंद पडल्यावर सगळ्यात आधी कुठे बघायचं?

स्टार्ट बटणावर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. पीसी ज्या मिनिटाला बंद पडला, त्याच्या आसपासच्या लाल खुणा वाचा. हे किचकट वाटत असेल, तर स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" असं इंग्रजीत टाइप करा. तारखेवार तक्ता उघडतो आणि कुठल्या दिवशी काय पडलं ते एका नजरेत दिसतं. त्रास कधी सुरू झाला, हे माणूस विसरतो, तो तक्ता विसरत नाही. नवा ड्रायव्हर टाकला त्याच दिवसापासून लाल फुल्या सुरू झाल्यात, हे पुष्कळदा तिथेच कळतं.

"कर्नल-पॉवर ४१" असं लिहून आलंय. म्हणजे एसएमपीएस गेला ना?

दुकानात बरेचदा असंच सांगतात, पण ४१ चा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी पीसी रीतसर शटडाउन झाला नव्हता. तुम्ही पॉवर बटण दाबून धरलंत तरी हीच नोंद होते. त्या नोंदीच्या डिटेल्समध्ये "बगचेककोड" शोधा. तिथे शून्य असेल, तर विंडोजला काही लिहायलाच वेळ मिळाला नाही. वीज गेली किंवा पीसी पूर्ण गोठला. दुसरा आकडा असेल, तर निळी स्क्रीन आली होती, आणि तिची फाइल विंडोजच्या फोल्डरमधल्या "मिनीडंप" फोल्डरमध्ये मिळेल.

"व्हिया-लॉगर" अशी नोंद दिसली तर ती गंभीरपणे घ्या. प्रोसेसर किंवा मदरबोर्डने स्वतःच चूक झाल्याचं कळवलेलं असतं. ओव्हरक्लॉकिंग केलं असेल, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेग लावला असेल, तर ते आधी काढा.

यूपीएस लावलाय, म्हणजे विजेचा प्रश्न मिटला ना?

उलट आमच्या भागात मी सगळ्यात आधी यूपीएसच तपासतो.

दुकानातून पीसीबरोबर सर्रास जो यूपीएस देतात तो ६०० व्हीएचा असतो. लोकांना वाटतं ६०० वॅट. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक ३६० वॅटच देतात. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पीसी आणि मॉनिटर मिळून गेममध्ये चारशेच्या पुढे गेले की यूपीएस ओव्हरलोड होऊन हात वर करतो. दुसरी गोष्ट बॅटरीची. आपल्याकडच्या उकाड्यात ती दोन-तीन वर्षांत थकते. डेस्कटॉपच्या सत्तर वॅटला ती पुरते, म्हणून "यूपीएस चांगला आहे" असा समज होतो. गेम चालू असताना अर्ध्या सेकंदासाठी व्होल्टेज खाली आलं, यूपीएस बॅटरीवर गेला, की त्याच क्षणी सगळं बंद.

माझ्या मावसभावाचं हेच झालं. कळव्याला त्याच्या घरी पीसी रोज रात्री साडेनऊ-दहाला बंद पडायचा. दुकानदाराने कार्ड खराब सांगितलं, त्याने ते बदललं, तरी तेच. शेवटी तो कॅबिनेट घेऊन माझ्याकडे आला. माझ्या घरी, भिंतीतल्या सॉकेटवर, दोन तास गेम चालला. काही झालं नाही. त्याच्या घरी परत नेला, दहा मिनिटांत बंद. तेव्हा लक्षात आलं, की साडेनऊला घरातला एसी लागतो. कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर दबायचं आणि तीन वर्षांचा यूपीएस बॅटरीवर जाऊन मान टाकायचा. जुन्या कार्डात काहीच दोष नव्हता. ते त्याने निम्म्या किमतीत विकूनही टाकलं होतं.

म्हणून एक संध्याकाळ यूपीएस बाजूला ठेवा आणि पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून खेळा. त्या वेळात महत्त्वाचं काम उघडं ठेवू नका. बंद पडला नाही, तर उत्तर मिळालं. नवा यूपीएस घेताना व्हीए बघू नका, वॅट बघा. ११०० व्हीएचे बहुतेक यूपीएस ६६० वॅटपर्यंत जातात, मध्यम पीसीला ते पुरे. महागड्या एसएमपीएसबरोबर शुद्ध साइन वेव्हचा (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) यूपीएस असला तर उत्तम, कारण बॅटरीवर जाताना ओबडधोबड वेव्ह काही एसएमपीएसना मानवत नाही.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. याचा क्रॅशशी संबंध आहे का?

असू शकतो, आणि क्रॅशपेक्षा तुमच्या जिवाचा प्रश्न आधी आहे. मुंग्या येणं म्हणजे त्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते तुटलंय. ठाण्यातल्या जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते. वायरमन बोलावून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज ते न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज ते अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-वीस व्होल्ट दिसले तर वायरिंग दुरुस्त होईपर्यंत त्या सॉकेटला पीसी लावू नका. हे मोजमाप स्वतः करायच्या फंदात पडू नका, दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

घरात कुठेच व्होल्टेज नीट येत नसेल, तर १९१२ वर विजेची तक्रार नोंदवता येते. पण एक लक्षात घ्या: चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे व्होल्टेज थोडं कमी असणं त्यांना फारसं जड जात नाही. क्षणभराचे झटके आणि सैल प्लग जास्त त्रास देतात. एक्स्टेंशन बोर्डाची पिन काळवंडलेली असेल तर तो आजच टाकून द्या. गणपतीत आराशीचे दिवे, फोकस आणि पीसी एकाच बोर्डावर लावू नका.

एसएमपीएस किती वॅटचा हवा?

कार्डाच्या कंपनीने सांगितलेला आकडा हा पाया धरा. आरटीएक्स ३०६० आणि ४०६० ला ५५० वॅट, ४०७० ला ६५०, ३०८० ला ७५० असं एनव्हिडिया सुचवते. पण आकड्याइतकीच प्रत महत्त्वाची. कॅबिनेटबरोबर "फ्री" मिळालेला, लेबलवर ५०० वॅट छापलेला एसएमपीएस गेमिंगला वापरू नका. हे मी ठासून सांगतो. स्वस्तातला एसएमपीएस जाताना कधीकधी मदरबोर्डही घेऊन जातो.

आणखी एक बाब. कार्ड सतत सारखी वीज घेत नाही. ३२० वॅटचं कार्ड सेकंदाच्या अगदी छोट्या अंशासाठी त्याच्या कितीतरी वर उसळी मारतं आणि नाजूक एसएमपीएस ती उसळी म्हणजे शॉर्ट समजून स्वतःला बंद करतो. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशा उसळ्या सोसण्याची अट घातली आहे, म्हणून आज घ्यायचाच असेल तर त्या मानकाचा घ्या.

विकत घेण्याआधी केबल बघा. आठ पिनची एक जोडणी १५० वॅटसाठी असते. कार्डाला दोन जोडण्या असतील, तर एकाच केबलची दोन टोकं लावण्याऐवजी एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा. नव्या कार्डांची सोळा पिनची जोडणी पूर्ण आत गेली आहे, फट दिसत नाही, याची टॉर्च मारून खात्री करा. अर्धवट बसली तर ती वितळू शकते.

मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्येच त्रास होतो. उकाड्यामुळे का?

शक्य आहे. जानेवारीत खोली चोवीस अंशांवर असते, मे महिन्याच्या दुपारी चौतीस-पस्तीसवर. खोली जितकी तापते, साधारण तितकीच आतली चिपही तापते. हिवाळ्यात काठावर पास झालेला पीसी उन्हाळ्यात नापास होतो.

मोजायला "एचडब्ल्यूइन्फो" फुकट मिळतं. सेन्सर्सच्या खिडकीत लॉगिंग सुरू करा आणि गेम खेळा. पीसी बंद पडला तर पुन्हा सुरू करून त्या फाइलच्या शेवटच्या ओळी वाचा. ग्राफिक्स कार्ड ६५ ते ८० अंश, ठीक. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांना स्वतःचा वेग कमी करतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ आहे आणि पूर्ण भारावर तिथे पोचणं त्यांच्या रचनेतच धरलेलं आहे, त्याला घाबरू नका. उष्णता असली की बहुधा आधी गेम अडखळू लागतो, फ्रेम घसरतात, आणि मग बंद पडतो. सत्तर अंशांवर, काही न अडखळता, झटक्यात बंद पडला तर उष्णतेचा नाद सोडा आणि पुन्हा विजेकडे वळा.

सोपी परीक्षा: कॅबिनेटची बाजू उघडा, समोर टेबल फॅन लावा. आधी वीस मिनिटांत बंद पडणारा पीसी आता तासभर टिकला, तर उष्णताच. मग कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, प्रोसेसरची थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांची असेल तर बदला, आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम मॉनिटरच्या हर्ट्‌झइतक्याच बांधून टाका. साठ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर दोनशे फ्रेम काढून कार्ड नुसतं तापतं. यातलं शेवटचं काम फुकट आहे आणि सगळ्यात आधी करण्यासारखं आहे.

धूळ आणि पावसाळा यांचं काय?

घोडबंदर रोडला मेट्रो ४ आणि टॉवरांच्या बांधकामाची धूळ, तुर्भे-महापेला कारखाने आणि ट्रक, खाडीकाठी खारी दमट हवा. पुण्याच्या मित्राचा पीसी वर्षाने साफ केला तर चालतो, आपला दर तीन महिन्यांनी करा. प्लग काढा, गॅलरीत न्या, ब्लोअरने हवा मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. फिरू दिलं तर बेअरिंग बिघडतं. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका.

पावसाळ्यात पीसी महिनाभर बंद राहिला असेल आणि नंतर क्रॅश होऊ लागला, तर रॅम आणि कार्ड काढून पुन्हा नीट बसवा. सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर वापरणारे पुष्कळ आहेत. चालतं, पण हलक्या हाताने.

रॅम खराब आहे हे कसं ओळखायचं?

क्रॅशचं रूप दर वेळी वेगळं असतं, हीच रॅमची खूण. कधी निळी स्क्रीन, कधी गेम मिटतो, कधी ब्राउझरचा टॅब मरतो, आणि निळ्या स्क्रीनचे कोडही बदलत राहतात.

आधी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, बंद करा. बॉक्सवर छापलेला ३२०० किंवा ६००० चा वेग हा बहुधा ओव्हरक्लॉकच असतो आणि प्रत्येक मदरबोर्ड तो झेलेलच असं नाही. त्याने क्रॅश थांबले तर रॅम बहुधा चांगली आहे. बायोस अपडेट करून बघा किंवा एक पायरी खालचा वेग ठेवा. थांबले नाहीत तर पेनड्राइव्हवर "मेमटेस्ट८६" टाकून रात्रभर चालवा. एक जरी चूक निघाली तरी रॅम नापास. मग रॅमची एकेक काडी (पट्टी) लावून कुठली दोषी ते शोधा. दोन काड्या असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. शेजारीशेजारी लावलेल्या मी कितीदा तरी बघितल्यात.

ड्रायव्हर अपडेट केला तरी "डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड" येतंच राहतं.

विंडोज कार्डाच्या उत्तराची दोन सेकंद वाट बघते. उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. तेही जमलं नाही तर "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर"ची निळी स्क्रीन. जुन्यावर नवा ड्रायव्हर चढवून हे सुटत नाही. सेफ मोडमध्ये इंटरनेट बंद ठेवून "डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर"ने जुना समूळ काढा, मग कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर टाका. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर आधीची आवृत्ती टाका, त्यात कमीपणा नाही. तरीही येत असेल तर कार्डाचा ओव्हरक्लॉक काढा आणि "आफ्टरबर्नर" या कार्डाच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करून बघा. त्याने थांबलं, तर विजेची किंवा उष्णतेची बाजू लंगडी आहे.

माझा प्रोसेसर इंटेलचा तेराव्या पिढीचा आहे. त्याबद्दल काहीतरी ऐकलंय.

बरोबर ऐकलंय. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी ६५ वॅट आणि त्याहून वरच्या मॉडेलना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्याने चिप हळूहळू झिजत होती. जुलै २०२४ मध्ये इंटेलने हे जाहीर केलं, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) सुधारणा दिली. ती मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येते.

ओळखायची खूण: अनरिअल इंजिन या सॉफ्टवेअरवर बनवलेले गेम सुरू होताना, शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असताना "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" असं सांगून मिटतात. कार्डात मेमरी भरपूर असते, म्हणून लोक कार्ड बदलतात, आणि दोष निघतो प्रोसेसरात. बायोस आजच अपडेट करा. मात्र झिजलेली चिप त्याने बरी होत नाही. इंटेलने यांपैकी ठरावीक मॉडेलच्या, बॉक्समध्ये विकलेल्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली आहे, तेव्हा बिल शोधा आणि बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे.

एकच गेम क्रॅश होतो, बाकीचे चालतात.

मग पीसी उघडू नका. स्टीममध्ये गेमच्या फायली व्हेरिफाय करा, ओव्हरले (गेमवर उमटणाऱ्या स्टीमसारख्या खिडक्या) बंद करा, सी ड्राइव्हवर जागा आहे का बघा.

टेक्निशियन म्हणतो फॉरमॅट मारू. मारू का?

शेवटी. झटक्यात बंद पडणाऱ्या पीसीला फॉरमॅटने काही फरक पडत नाही, आणि प्रोजेक्ट, फोटो जातात ते वेगळंच.

सेकंड हँड कार्ड घ्यावं का?

समोर चालवून दाखवत असतील तरच. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (नाणी मिळवायला ग्राफिक्स कार्डांवर चालणारी आकडेमोड) संपलं आणि त्यानंतर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. ती सगळीच वाईट नसतात, पण पंखे आणि आतले थर्मल पॅड थकलेले असू शकतात. अर्धा तास पूर्ण भारावर चालवा, तापमान बघा, सिरियल नंबर आणि मूळ बिल मागा.

सगळं करून झालं, तरी बंद पडतोय. आता?

आता अदलाबदल. मित्राचा चांगला एसएमपीएस एका दिवसासाठी मागून आणा, नंतर कार्ड, नंतर रॅम. एका वेळी एकच वस्तू बदला, दोन बदलल्या तर कोण दोषी ते कळणार नाही.

दुरुस्तीला न्यायचाच असेल, मग नाक्यावर न्या नाहीतर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात, एका कागदावर हे लिहून न्या: कसा बंद पडतो, किती मिनिटांनी, कुठल्या गेममध्ये, इव्हेंट व्ह्यूअरमधली नोंद, शेवटचं तापमान, यूपीएसशिवाय काय झालं, काय काय बदलून बघितलं. आतल्या कार्डाचा, रॅमचा आणि एसएमपीएसचा सिरियल नंबर दिसेल असे फोटो निघण्याआधी काढा, आणि दुकानदाराला सांगा, की निदान झाल्यावर फोन करा, तोवर काही बदलू नका.